रयतेच्या मुलांचे घर

विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांत शाळा फार थोड्या होत्या. जेथे त्या होत्या, तेथेही बहुधा प्राथमिक इयत्तांपुरत्याच असत. त्यापुढे शिकायचे म्हणजे मुलाला घर सोडून शहरात जाऊन राहणे भाग पडे. शहरात कोणी आप्त असेल तर गोष्ट निराळी. पण शेतकऱ्याला किंवा मोलमजुरी करणाऱ्याला शहरात आप्त कोठून असणार? त्यामुळे एखादा हुशार मुलगा गावची शाळा पुरी करून घरी आला, की त्याच्या आईबापांपुढे मोठा प्रश्न उभा राही. त्याला दूर पाठवावे, तर त्याच्या खाण्यापिण्याची काळजी कोण वाहील? तो आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोण बसेल? बरे, न पाठवावे, तर त्याचे शिक्षण तेथेच संपणार. बहुतेक घरांत हा प्रश्न फार दिवस टिकत नसे. मुलाच्या हातातील पाटी जाऊन तेथे गुरे राखण्याची काठी येई आणि प्रश्न आपोआप मिटे.

तो असा मिटू द्यायचा नाही, हे ज्यांनी आपले जीवितकार्य मानले, ते कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी, एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे घराणे ऐतवडे बुद्रुक या गावचे. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात कारकून होते, तर आई गंगाबाई ही धार्मिक वृत्तीची गृहिणी होती. वडिलांची नोकरी बदलीची. त्यामुळे भाऊरावांचे बालपण व प्राथमिक शिक्षण एका ठिकाणी झाले नाही. मूल अंगापिंडाने दणकट, निर्भय आणि काहीसे हूड होते. पुस्तकापेक्षा त्याचे मन तालमीत आणि रानावनांत अधिक रमे. तथापि अन्याय मात्र त्याला मुळीच सहन होत नसे. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. तहानलेल्या बायाबापड्या रिकामी भांडी घेऊन कोणी पाणी वाढील म्हणून ताटकळत बसलेल्या पाहून भाऊरावांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात.

अशा मुलाचे पुढे काय करावे, हा विचार पायगोंडांनाही करावा लागला. स्वतः सरकारी नोकरीत असल्यामुळे इंग्रजी शिक्षणाचे मोल ते जाणून होते. त्यांनी मुलाला शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवले. तेथील राजाराम हायस्कूलमध्ये भाऊरावांचे नाव दाखल झाले आणि राहण्याची सोय जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाली. अशा रीतीने ज्या प्रश्नाला उत्तर देण्यात भाऊरावांचे पुढील आयुष्य जाणार होते, तो प्रश्न प्रथम त्यांच्याच घरात सुटला.

त्या वेळचे कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर बनत होते. छत्रपती शाहू महाराजांना आपल्या राज्यातील बहुजन समाज शिकलेला पाहायचा होता. खेड्यांतील मुले शहरात येऊन राहू शकत नाहीत, तोवर नुसत्या शाळा काढून काय होणार, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९०१ साली त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान इत्यादी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा व द्रव्य देऊन साह्य केले. या वसतिगृहांमुळे शेकडो आईबापांची चिंता दूर झाली. आपल्याच समाजातील माणसांच्या देखरेखीखाली, आपल्याच चालीरीतींप्रमाणे मुलगा राहतो आहे, एवढे समजले की त्यांना धीर वाटे.

पण याच चालीरीतींशी भाऊरावांचा खटका उडाला. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे आणि मगच पंक्तीला बसावे, असा त्यांच्या वसतिगृहाचा नियम होता. माणसांच्या सभेला जाऊन आल्याने आपण अशुद्ध कसे झालो, हे भाऊरावांना उमगेना. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले. अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे हे मोठे विद्वान होते, पण शिस्तीचे कडक होते. भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले.

काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांचा राजवाड्यावर मुक्काम झाला. महाराजांचा साधेपणा आणि दीनदुबळ्यांविषयीचा त्यांचा कळवळा भाऊरावांनी येथे जवळून पाहिला. हे शिक्षण त्यांना आयुष्यभर पुरले. शाळेचे शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. ज्या आशेने वडिलांनी मुलाला दूर पाठवले होते, ती आशा फोल ठरली असेच कोणालाही वाटले असते. पदवी नाही, नोकरी नाही, अशा स्थितीत तरुण मुलगा घरी परतला. त्याचे लग्नही झालेले होते. वडिलांच्या मर्मभेदी शब्दांनी व्यथित होऊन भाऊरावांनी घर सोडले आणि साताऱ्यास येऊन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या करून ते आपला निर्वाह करू लागले.

त्यांच्या स्वभावाची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९१४ साली कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठ्यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, म्हणून त्यांच्यावर दडपण आणण्यात आले. लठ्ठे म्हणजे त्यांना वसतिगृहातून काढणारे अधीक्षक. मनात आकस धरणाऱ्याला सूड घेण्याची याहून चांगली संधी कोणती मिळणार? परंतु भाऊरावांनी तुरुंगातील छळ सोसला आणि खोटी साक्ष दिली नाही. वसतिगृहाच्या नियमाशी त्यांचे भांडण होते. माणसाशी त्यांचे वैर नव्हते.

पुढे भाऊरावांनी विक्रेत्याची नोकरी धरली. प्रथम ओगल्यांचे कंदील आणि नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडू लागले. या भटकंतीत त्यांना रयतेचे जीवन जसे दिसले, तसे ते एखाद्या पदवीधराला क्वचितच दिसले असेल. शेतकरी रात्रंदिवस राबत होता. पण आपल्याच नावाच्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. सावकार सांगेल तेथे तो अंगठा उठवी आणि जमिनीला मुकून बसे. नांगर चांगला मिळाला म्हणून त्याचे दैन्य फिटणार नव्हते. त्याच्या मुलाला अक्षर आले पाहिजे, असे भाऊरावांच्या मनाने घेतले.

मुलाला शिकायला का पाठवीत नाही, याची कारणे त्यांनी गावोगाव ऐकली. पहिले कारण पैशाचे. शहरातील खाणावळीचा आणि शाळेच्या फीचा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेरचा होता. दुसरे कारण कामाचे. दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा अर्धा गडी. तो गेला तर गुरांमागे कोण जाणार? तिसरे कारण जातीचे. परक्या ठिकाणी मुलगा कोणाच्या हातचे खाईल, कोणाच्या शेजारी बसेल, ही धास्ती सर्वच समाजांतील आईबापांना होती. आणि या तिन्हींच्या मागे एक चौथे भय होते. ते सहसा कोणी बोलून दाखवीत नसे. शिकून शहाणा झालेला मुलगा पुन्हा आपल्या मातीच्या घरात येईल का, आपल्या मळक्या धोतराची त्याला लाज तर वाटणार नाही ना, हे ते भय होते.

ही भये खोटी आहेत, असे भाऊरावांनी मानले नाही. आईबापांना अडाणी म्हणून दोष देणे सोपे होते. पण जो दोष देतो, त्याच्या हाती कोणी आपले मूल सोपवीत नाही. म्हणून प्रत्येक भयाला प्रत्यक्ष कृतीने उत्तर द्यायचे, असे त्यांनी ठरवले. याची सुरुवात त्यांनी एका मुलापासून केली. ज्ञानदेव घोलप या नावाचा एक अस्पृश्य समाजातील मुलगा शाळेच्या बाहेर बसून शिकत असलेला त्यांनी पाहिला. त्याला त्यांनी आपल्या घरी आणले आणि पुढे कोल्हापुरास मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. वर्गाच्या बाहेर बसणारा हा मुलगा पुढे मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद झाला.

एका मुलाची सोय झाली; पण हजारोंचे काय? दुधगाव या खेड्यात सहकाऱ्यांच्या साह्याने सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढण्याचा प्रयोग भाऊरावांनी तरुणपणीच केला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे निरनिराळ्या जातींच्या मोजक्या मुलांना घेऊन भाऊरावांनी वसतिगृह सुरू केले.

या वसतिगृहाची रीत कोल्हापूरच्या वसतिगृहांहून निराळी होती. तेथे प्रत्येक समाजाचे घर वेगळे होते. येथे सर्वांचे घर एक होते. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा सर्व समाजांची मुले एकाच छपराखाली झोपत, एकाच चुलीवर शिजलेले अन्न एकाच पंक्तीला बसून खात. कोणाचाही घडा वेगळा नव्हता. ज्या कारणाने भाऊरावांना एका वसतिगृहातून बाहेर पडावे लागले होते, त्या कारणाला त्यांनी आपल्या वसतिगृहात जागाच ठेवली नाही.

खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी श्रमात शोधले. मुले पाणी भरीत, धान्य दळीत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत, शेतात खपत आणि बांधकामाचे दगडही वाहत. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा केले जाई. ज्याला जे देता येईल, ते त्याने द्यावे. ज्याला काहीच देता येत नसेल, त्याने हातांनी काम करावे, असा तेथील रिवाज होता. हे पाहून काही पालकांना प्रथम वाईट वाटणे स्वाभाविक होते. घरची कुदळ सुटावी म्हणून मुलाला पाठवले, तर तेथेही त्याच्या हाती कुदळच आली! पण त्यातील मर्म हळूहळू ध्यानी येऊ लागले. फुकटचे अन्न खाणारा मुलगा मिंधा होतो. स्वतःच्या श्रमाचे खाणारा ताठ मानेने वावरतो. शिवाय सुटीत घरी आलेला मुलगा पुस्तक जसे वाची, तसाच नांगरही धरी. आईबापांच्या मनातील न बोललेल्या चौथ्या भयाला याहून चांगले उत्तर देता आले नसते.

तथापि नुसत्या नियमांनी घर उभे राहत नाही. घराला आई लागते. या घराची आई भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या. त्या सोवळेओवळे कटाक्षाने पाळणाऱ्या सुखवस्तू घराण्यात वाढल्या होत्या. सर्व जातींची मुले स्वयंपाकघरात वावरतात, ही गोष्ट त्यांच्या पूर्वसंस्कारांना जड जाणारी होती. पण आईवेगळी होऊन आलेली ती लेकरे पाहून त्यांच्या मनातील भिंती ढासळल्या. त्या मुलांना न्हाऊमाखू घालीत, दुखण्याखुपण्यात त्यांची शुश्रूषा करीत. खेड्यात बसून काळजी करणाऱ्या प्रत्येक आईचे काम येथे लक्ष्मीबाई करीत होत्या.

संस्थेजवळ द्रव्य नव्हते. भाऊराव वर्गणीसाठी बाहेरगावी गेलेले असत आणि घरातील धान्य संपत येई. अशा वेळी लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचा एकेक दागिना मोडून मुलांच्या मुखी घास घातला. शेवटी अंगावर मंगळसूत्र तेवढे उरले. एकदा घरात शिजवायला काहीच राहिले नाही, तेव्हा त्यांनी तेही काढून दिले. हिंदुस्थानातील स्त्रीला मंगळसूत्र किती प्रिय असते, हे सांगावयास नको. परंतु उपाशी मुलांपुढे त्यांना त्याचेही मोल वाटले नाही. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. तेव्हा भाऊरावांच्या संसाराबरोबर वसतिगृहातील सर्वच मुले पोरकी झाली. पण ज्या कार्यासाठी पत्नीने सौभाग्याचे लेणे दिले, ते कार्य दुःखात बुडवून टाकणे भाऊरावांना शक्य नव्हते. ते अधिकच नेटाने कामाला लागले.

दरम्यान १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले होते. त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. पुढे हे वसतिगृह साताऱ्यातील धनिणीच्या बागेत नांदू लागले. १९३२ साली पुण्यात महात्मा गांधी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला. त्याच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू केले. गावोगावचे लोक आता आपण होऊन मुले घेऊन येऊ लागले. सकाळी साताऱ्यात उतरावे, पोराचा हात भाऊरावांच्या हाती द्यावा आणि डोळे पुसत परतीची वाट धरावी, असे कितीतरी बाप त्या अंगणाने पाहिले. जाडीभरडी खादी नेसलेला, दाढी वाढवलेला हा धिप्पाड माणूस त्यांना आपल्यातलाच वाटे. मुले त्यांना अण्णा म्हणत. अण्णांच्या हाती मूल दिले म्हणजे ते घरीच आहे, असा विश्वास रयतेत निर्माण झाला. भाऊरावांची खरी मिळकत हीच होती.

एक गोष्ट मात्र अजून उरली होती. वसतिगृहात येणारा मुलगा गावची शाळा शिकून यायचा; पण ज्या गावांत शाळाच नव्हती, तेथील लहान मुलांनी काय करावे? सहा-सात वर्षांच्या लेकराला आईपासून दूर नेणे योग्य नव्हते. तेव्हा मूल शाळेकडे न नेता शाळाच मुलाकडे नेणे, हा एकच मार्ग होता. त्यासाठी शिक्षक हवे होते. १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय संस्थेने काढले. तेथून बाहेर पडलेले तरुण वाड्यावस्त्यांवर जाऊन झाडाखाली, देवळात, जागा मिळेल तेथे शाळा चालवू लागले. अशा शेकडो शाळा डोंगरकपारीत निघाल्या. लहान मूल आईजवळ राहून शिकू लागले आणि मोठे झाल्यावर वसतिगृहाचा रस्ता त्याला खुला झाला.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल स्थापन झाले. तेथे शिक्षण विनामूल्य होते आणि राहण्याचीही सोय होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. काम करावे आणि त्यातून आपले शिक्षण पुरे करावे, ही वसतिगृहातील जुनी रीत तेथे कमवा आणि शिका या योजनेच्या रूपाने महाविद्यालयात आली. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. इंग्रजी सहावीच्या पुढे न गेलेल्या माणसाने महाविद्यालये उभी केली होती. त्याच्या वसतिगृहातून निघालेल्या मुलांपैकी कोणी शिक्षक, कोणी बॅरिस्टर, तर कोणी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

लोकांनी भाऊरावांना कर्मवीर ही पदवी मोठ्या प्रेमाने दिली होती. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरवले आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, भाऊरावांनी देह ठेवला. त्या वेळी संस्थेची तीसहून अधिक वसतिगृहे आणि शंभरावर माध्यमिक विद्यालये महाराष्ट्रात चालू होती.

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष हे आहे. वडाची पारंबी झाडापासून सुटून दूर जमिनीकडे जाते, तेव्हा ती झाडाला दुरावली असे वाटते. पण जमिनीत रुजल्यावर तीच पारंबी खोड बनते आणि मूळ झाडाला आधार देते. शिक्षणासाठी घरापासून दूर गेलेल्या मुलाने आपल्या घराचा व गावाचा असाच आधार व्हावे, अशी कर्मवीरांची अपेक्षा होती. ज्या आईबापांनी मन घट्ट करून आपली मुले त्यांच्या स्वाधीन केली, त्यांच्या विश्वासाला कर्मवीर अखेरपर्यंत जागले.